तिसरा दांडा

सह्याद्रीच्या घाटात चाक चढले ते फार उशिरा, आणि चढले तेव्हाही ते एकट्या जोडीच्या बळावर चढले नाही. १८३० साली मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटाची गाडीवाट खुली केली. तोवर देशावरचा माल कोकणात उतरे आणि कोकणातले मीठ वर चढे ते बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून. वाट झाली, गाड्या जाऊ लागल्या, तरी भरल्या गाडीला उभ्या चढणीवर पुढे आणखी एक जोडी जुंपावी लागे, आणि माथ्यावर पोचल्यावर ती सोडून पुन्हा खाली आणावी लागे. पुढे तेहतीस वर्षांनी, १८६३ साली, त्याच घाटातून आगगाडी चढली, तेव्हा साहेबाच्या वाफेच्या यंत्रासही या देशी रिवाजापुढे मान तुकवावी लागली. सदतीस फुटांस एक फूट अशा त्या चढावर गाडी रेटण्यासाठी कर्जतेस जादा इंजिने जोडावी लागत, आणि वाफ जाऊन वीज आली तरी तो परिपाठ आजतागायत सुटलेला नाही. चढाची ही जुनी मागणी, म्हणजे सपाटीवर जी शक्ती पुरते तिच्या जोडीस चढापुरती दुसरी शक्ती, ती ज्या यंत्रात एका लोखंडी पेटीत बंद करून गाडीच्या पोटाखाली कायमची टांगली गेली, त्या यंत्राचा आणि ते हुकमात ठेवणाऱ्या एका आखूड दांड्याचा हा वृत्तांत आहे.

ज्यांनी जुनी जीप चालवली आहे, निदान तिच्यात पुढे बसून गुडघे सोलून घेतले आहेत, त्यांना हे दांडे आठवत असतील. एक उंच दांडा नेहमीच्या गिअरचा. त्याच्या शेजारी दोन ठेंगणे दांडे. त्यांपैकी एकाने पुढची चाके इंजिनाशी जोडावयाची किंवा सोडावयाची, आणि दुसऱ्याने, म्हणजे एकूण हिशेबात तिसऱ्याने, गाडीची अवघी चालच बदलावयाची. हे दोन्ही दांडे ज्या पेटीत उतरतात तिला कारखान्याच्या कागदांत ट्रान्सफर केस म्हणतात आणि गॅरेजात नुसते 'ट्रान्सफर'. मामलेदार कचेरीच्या आवारात चिंचेखाली उभ्या असलेल्या जीपच्या संदर्भात हा शब्द उच्चारला गेला की आतल्या कारकुनांचे कान टवकारत असत, असे एका निवृत्त अव्वल कारकुनाने मला सांगितले होते. त्यांच्या लेखी ट्रान्सफर म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे चंद्रपूर. वस्तुतः पेटीचे कामही बदलीचेच आहे. इंजिनाकडून गिअरबॉक्समार्फत आलेले बळ ती स्वतःकडे घेते आणि काही पुढच्या आसाकडे, काही मागच्या आसाकडे रवाना करते.

चारही चाकांना बळ द्यावे ही कल्पना जीपची नव्हे. ब्रामा जोसेफ डिप्लॉक नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९३ साली वाफेच्या ओढगाडीसाठी अशा रचनेचे पेटंट घेतले होते. १९०३ साली हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी चारही चाके ओढणारी पेट्रोलची मोटार बांधली. आणि १९०८ च्या सुमारास अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात क्लिंटनव्हिल या लहानशा गावी ऑटो झाखो आणि विल्यम बेसरडिक या दोघा मेहुण्यांनी आपल्या यंत्रशाळेत तोच उद्योग आरंभून पुढे त्याची कंपनी उभारली, जिच्या मालमोटारी पहिल्या महायुद्धाच्या चिखलात उपयोगी पडल्या. परंतु ही सर्व अवजड यंत्रे होती. लहान, चार माणसांनी प्रसंगी उचलून खड्ड्याबाहेर काढता येईल अशा गाडीत हे सामर्थ्य भरण्याचा विचार १९४० च्या उन्हाळ्यात, फ्रान्स पडल्यानंतर, अमेरिकी सैन्याने केला.

त्या वेळच्या मागणीपत्रकातील एक कलम मला फार अर्थपूर्ण वाटते. सैन्याने एकशे पस्तीस कारखानदारांकडे विचारणा केली. पहिला नमुना एकोणपन्नास दिवसांत हजर करावयाचा, अशी अशक्यप्राय अट घातली. दोघांनीच उत्तर दिले. आणि पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम कंपनीच्या वतीने कार्ल प्रोब्स्ट या डेट्रॉइटच्या अभियंत्याने अवघ्या काही दिवसांत आराखडे काढून २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपण्यास अर्धा तास असताना, नमुन्याची गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड छावणीत उभी केली. हे सर्व प्रसिद्ध आहे. परंतु गाडी तासाला किमान पन्नास मैल धावली पाहिजे या मागणीच्या बरोबरीनेच, ती न अडखळता तासाला तीन मैल इतकी हळूही चालली पाहिजे, अशी मागणी त्या पत्रकात होती. तीन मैल हा वेग कोणत्याही घोड्याचा नव्हे. तो पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्या पायदळाच्या शिपायाचा आहे. म्हणजे ज्या गाडीची कीर्ती पुढे तिच्या दौडीबद्दल झाली, तिला जन्माआधीच माणसाच्या पावलाने चालण्याचे फर्मान सुटले होते, आणि ते पाळण्यासाठीच दोन चालींची ट्रान्सफर आणि तिचा तो तिसरा दांडा तिच्यात आला.

बँटमची गाडी आधी आली खरी, पण मोठे कंत्राट ओहायोतील टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड कंपनीच्या पदरात पडले, कारण डेल्मर रूस या तिच्या मुख्य अभियंत्याने सिद्ध केलेले साठ अश्वशक्तीचे इंजिन इतरांहून दणकट होते. आणि विलीज एकटीने पुरे पडेना म्हणून फोर्डनेही तीच गाडी त्याच नकाशांवरून बांधली. दोघींनी मिळून युद्ध संपेतो सहा लाखांवर जीप गाड्या बाहेर काढल्या. ट्रान्सफर मात्र दोघींचीही एकच, टोलेडोच्याच स्पायसर कंपनीच्या घडणीची, नमुना क्रमांक अठरा. हा आकडा आजही महाराष्ट्रातल्या जुन्या मेस्त्र्यांच्या तोंडी आहे, जरी त्यांच्यापैकी पुष्कळांना स्पायसर हे गाव आहे की माणूस, याची पर्वा नसते.

या पेटीचे गणित सोपे आहे आणि तिचे सौंदर्यही त्या सोपेपणातच आहे. युद्धकालीन जीपमध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण २.६६५ आणि आसातील दात्यांचे ४.८८, म्हणजे नेहमीच्या चालीत, पहिल्या गिअरात, इंजिनाच्या तेरा फेऱ्यांस चाकाची एक फेरी. तिसरा दांडा लो मध्ये टाकला की मध्ये १.९७ चा गुणक शिरतो, आणि चाकाच्या एका फेरीस इंजिनाला साडेपंचवीस फेऱ्या माराव्या लागतात. वेग निम्मा होतो आणि ओढ दुप्पट, म्हणजे घाटाच्या पायथ्याची ती दुसरी जोडी. आता त्या गाडीच्या सुमारे अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ घेऊन कोणी हिशेब मांडील तर त्याला आढळेल की इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांनी संथ घुमत असता अशी जीप तासाला तीन मैलांहून किंचित अधिक चालते. मागणीपत्रकातला शिपाई तो हाच.

ही गाडी आपल्याकडे दोन वाटांनी आली. एक वाट ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून, युद्ध संपल्यावर उरलेल्या लष्करी मालाच्या विक्रीतून. त्यांतल्या गाड्या कंत्राटदार, चहामळेवाले, शिकारी आणि लहानसहान संस्थानिक यांच्या हाती गेल्या. दुसरी वाट मुंबई बंदरातून. १९४५ साली लुधियान्यात 'महिंद्र अँड महंमद' या नावाने पोलादाचा व्यापार सुरू करणाऱ्या पेढीने पुढे विलीजशी करार केला, आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात सुट्या भागांच्या पेट्या फोडून जीप गाड्या जुळवण्यास प्रारंभ झाला. पेढीतले भागीदार गुलाम महंमद तोवर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले होते, आणि १९४८ साली पाटीवरचे दुसरे नावही 'महिंद्र' झाले. फाळणीने किती ठिकाणच्या पाट्या बदलल्या याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्याच वर्षी काश्मीरच्या लढाईसाठी लंडनच्या हायकमिशनमार्फत जुन्या जीप गाड्यांची खरेदी ठरली, आणि ती पुढे कित्येक वर्षे संसदेत गाजत राहिली, तेव्हा स्वतंत्र भारताच्या सार्वजनिक वादविवादांतही या गाडीने प्रवेश केला तो जवळजवळ पहिल्याच अंकात.

माझगावहून कांदिवलीस गेलेल्या या उद्योगाने जो नमुना सर्वांत अधिक काळ चालवला तो १९५३ सालच्या विलीज सीजे-३बी या गाडीचा. उंच इंजिनामुळे वर आलेले तिचे बॉनेट कपाळावर टोपी ओढलेल्या फौजदारासारखे दिसे. हिच्या पोटाखालीही नमुना अठराच, परंतु लो चे प्रमाण वाढून २.४६ झालेले, पहिल्या गिअरचे २.७९८ आणि आसाचे ५.३८ धरले तर चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या सदतीस फेऱ्या. कुंभार्लीच्या, वरंध्याच्या किंवा फोंड्याच्या त्या काळच्या रस्त्यांवर, जेथे पावसाळ्यानंतर दर वर्षी रस्ता नव्याने शोधून काढावा लागे, तेथे या सदतीसचा अर्थ चालकाला कोणत्याही पुस्तकावाचून कळत असे.

या गाडीने महाराष्ट्राच्या मुलकी कारभाराचे रूप किती पालटले, याचा विचार आपल्या इतिहासकारांनी पुरेसा केलेला नाही असे मला वाटते. त्यापूर्वीचा जमाबंदीचा दौरा म्हणजे घोडा, छकडे, तंबू, शिपाई, दफ्तराच्या पेट्या आणि गावच्या पाटलाकडून येणारा शिधा. साहेब एका गावी मुक्काम करी आणि आसपासची दहा गावे त्याच्याकडे येत. जीप आल्यावर साहेब दहाही गावी जाऊन संध्याकाळी मुख्यालयी परतू लागला. मुक्काम संपला. रात्री तंबूबाहेर शेकोटीपाशी बसून रयत जे बोलत असे, जे तक्रारअर्जात कधी उतरत नसे, ते ऐकणारे कानही त्या मुक्कामाबरोबर गेले. मी जीपला दोष देत नाही. पण तासाला तीन मैल चालू शकणारे वाहन आमच्या अधिकाऱ्यांनी तासाला चाळीस मैलांनीच चालवले, एवढी नोंद करून ठेवतो.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकासाच्या पहिल्या पंचावन्न प्रकल्पांचा आरंभ झाला, आणि पांढऱ्या धोतरातला ग्रामसेवक, खाकी जीपमधला गटविकास अधिकारी आणि मागच्या बाकावर खताची पोती अशी एक त्रिमूर्ती खेड्यापाड्यांच्या ओळखीची झाली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. मग पंचायत समितीच्या सभापतींसही जीप मिळाली, आणि ती कोणाच्या दारात किती रात्री उभी असते यावरून तालुक्याच्या राजकारणाचा अंदाज बांधण्याची विद्या जन्मास आली. निवडणुकीच्या दिवसांत हीच गाडी कर्णा बांधून धावे आणि निकालानंतर गुलालाने माखून सरके. या विजयी मिरवणुकीत एक यांत्रिक विनोद दडलेला होता. चार-चार तास माणसाच्या पावलाने चालण्यासाठी ज्या गाडीत मुद्दाम लो घातलेला, त्या गाडीचा चालक ढोलताशांपुढे पहिल्या गिअरात क्लच दाबून-सोडून, जाळून, वास सोडीत मिरवणूक रेटत असे. कारण डांबरी पेठेत लो टाकणे त्याच्या हातात नव्हते. ते का नव्हते, हे समजले की या दांड्याचा हट्टी स्वभावही समजतो.

नमुना अठराच्या कर्त्यांनी पेटीत एक पहारेकरी ठेवला आहे. दोन ठेंगण्या दांड्यांच्या दोन लोखंडी सळया पेटीत शेजारीशेजारी सरकतात. प्रत्येकीवर स्प्रिंगने दाबलेली एक गोळी तिला जागच्या जागी धरून ठेवते, आणि दोघींच्या मध्ये एक बोटाच्या पेराहून लहान खुंटी अशी बसवलेली असते की पुढच्या चाकांची सळई पूर्णपणे आत गेल्याखेरीज लो ची सळई हलूच नये. कारण उघड आहे. लो मध्ये ओढ इतकी वाढते की ती एकट्या मागच्या आसावर टाकली तर आस मोडेल. म्हणून आधी चौघांनी मिळून खांदा द्यावा, मगच ओझे वाढवावे, असा त्या खुंटीचा कायदा आहे. पण पुढची चाके जोडून कोरड्या डांबरावर गाडी वळवली की पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वाटा सारख्या लांबीच्या राहत नाहीत. चिखलात चाक थोडे घसरून तो फरक फेडते, डांबरावर त्याला घसरता येत नाही, आणि मग तो फरक आसांत, दांड्यांत आणि दात्यांत पीळ होऊन साठत जातो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण ज्याने रचली त्याने जीप पाहिली नव्हती, एवढेच. असा पीळ भरलेल्या पेटीतला दांडा मनगटाने ओढा की पायाने ढकला, जागचा हलत नाही.

काही धूर्त मेस्त्री मिरवणूकवाल्या गिऱ्हाइकांसाठी ती खुंटी काढूनच टाकीत. मग नुसत्या मागच्या चाकांवर लो लागे, गुलाल उधळे, क्लच वाचे. आणि पुढच्या हंगामात तीच गाडी उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली ओढताना मागचा आस मोडून बसे. कायदा काढून टाकणाऱ्यांना त्याची आठवण कायद्याने नव्हे, आसाने करून दिली.

परंतु या दांड्याचा खरा शत्रू गुलाल नव्हे, रस्ता होय. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीच्या कामांवर हजारो बायाबापड्यांनी खडी फोडली आणि जेथे बैलगाडीचा चाकोरा होता तेथे कच्चा का होईना, रस्ता झाला; पुढे २००० सालापासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर नेले. घाट रुंद झाले, मोऱ्या बांधल्या गेल्या, ओढ्यांवर फरशा आल्या. रस्ता सुधारला तसे तिसऱ्या दांड्याचे काम कमी झाले. कारखान्यानेही हे ओळखले. पश्चिम महाराष्ट्रात ज्या गाड्यांनी वडाप नावाची सबंध एक वाहतूकव्यवस्था उभी केली, लांब अंगाच्या, पंधरावीस माणसे आणि शेळ्या कोंबून फाट्याफाट्यावर थांबणाऱ्या, त्यांपैकी पुष्कळशा नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. त्यांच्या पोटाखाली ती पेटीच नव्हती आणि मधल्या जागेत दांड्यांऐवजी आणखी एका उतारूचे पाय होते. ज्यांच्यात ती पेटी राहिली त्या गाड्यांचे चालक वर्षानुवर्षे दांड्याला हात लावीनात, आणि न हलणाऱ्या लोखंडाचे जे होते ते त्याचे झाले.

माझ्याकडे आलेली जीप एका सरकारी खात्याच्या लिलावातली. इंजिन सुरू होई, गिअर पडत, पुढची चाकेही जोडली जात. लो मात्र पडत नसे. शहरातल्या एका गॅरेजने पेटी उतरवून, पंधरा दिवस ठेवून, सामानाचे बिल करून गाडी परत दिली तेव्हा लो तर पडत नव्हताच, शिवाय पुढच्या चाकांचा दांडाही जड झाला होता. अखेरीस महाडच्या बाजूस, हमरस्त्याला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एक वृद्ध मेस्त्री जुन्या जीपा पाहतात असे कळले, म्हणून तेथे गेलो.

त्यांनी गाडीखाली जाण्याची घाई केली नाही. "काका, तुम्ही लो टाकून पाहता ते कुठं? घरापुढं, सिमेंटवर?" असे विचारले, आणि मी होकार देताच ते हसले. मग टायर पाहिले. मागचे झिजलेले, पुढचे नवे. "पुढचं चाक मोठं, मागचं लहान, म्हणजे सरळ चालली तरी पीळ भरणार," असे म्हणून त्यांनी जॅक लावून पुढचे एक चाक उचलले. उचलताच ते चाक कोणी धक्का दिल्यासारखे आपोआप पाव फेरी मागे फिरले, आणि आत कोठेतरी टक् असा आवाज झाला. तो पीळ सुटल्याचा आवाज. एवढ्यावर पुष्कळ गाड्यांचा लो पडतो म्हणे. किंवा जॅकही नको, दहा पावले उलट्या गिअरात मागे यावे, तेवढ्याने भागते. माझ्या गाडीचा पडला नाही.

दुसरी पायरी मला विशेष आवडली, कारण ती न्यायाधीशाला शोभेल अशी होती. दोष दांड्याचा की पेटीचा, हे आधी वेगळे करावयाचे. दांडे ज्या आडव्या पिनेवर डोलतात तिच्यावर इतका गंज होता की ती पिन आणि दांडा एकजीव झाले होते. तिला रात्रभर रॉकेल पाजून सकाळी दांडे उतरवले, आणि पेटीतून बाहेर आलेली सळईची उघडी टोके पकडीत धरून मेस्त्रींनी एकेक ओढून पाहिले. पुढच्या चाकांची सळई कुरकुरत आली. लो ची आली नाही. म्हणजे दांडा सहआरोपी होता. मुख्य गुन्हा आत घडलेला.

तेल काढले ते दुधाच्या चहाच्या रंगाचे. पाणी शिरल्याची ही खूण. कधी काळी ओढ्यात बुडालेली गाडी तशीच सुकवून उभी केलेली. त्यानंतर पेटी खाली आली. इंटरमीडिएट शाफ्ट काढण्यापूर्वीच मेस्त्रींनी त्याच्या टोकावर अंगठा फिरवून सांगितले, "सव्वा इंची. म्हणजे पेटी नंतरची, युद्धातली नव्हे." पाऊण इंच, एक इंच एक सूत आणि सव्वा इंच अशा या शाफ्टाच्या तीन पिढ्या आहेत; पहिली युद्धातली, दुसरी त्यानंतरची, तिसरी पन्नाशीच्या दशकातली. अंगठ्याने कालनिर्णय करणारा हा पुरातत्त्ववेत्ता इंग्रजी अक्षरही वाचू शकत नव्हता. कुठल्या पिढीच्या पेटीला कुठले बेअरिंग आणि कुठले वॉशर बसते, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी कोणत्या गल्लीत ते मिळेल, मुंबईच्या चोरबाजारात त्याचा काय भाव सांगतील आणि काय घेतील, हे त्यांना मुखोद्गत होते.

बाजूचे दोन स्क्रू काढून स्प्रिंगा आणि गोळ्या बाहेर घेतल्या. एक स्प्रिंग दुसरीपेक्षा जाड. कोठल्यातरी पंपाची, कापून बसवलेली. आधीच्या गॅरेजने घातली की त्याच्याही आधीच्या कोणी, हे स्प्रिंग सांगत नाही. तिच्या दाबाने गोळी सळईच्या खाचेत इतकी घट्ट रुतली होती की खाचेच्या काठाला लहानसा उंचवटा आला होता, आणि दोन सळयांमधली ती खुंटी, तो पहारेकरी, जुन्या सुकलेल्या ग्रीसमध्ये आणि गंजात अर्ध्या वाटेवर अडकून पडला होता. पुढची चाके जोडली गेली आहेत ही वर्दी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती; म्हणून तो लो ला सोडीत नव्हता. आपल्या परीने तो नियमच पाळीत होता.

उंचवटा कानशीने घासू गेलेल्या पोऱ्याच्या हातावर मेस्त्रींनी चापट मारली. कानस सळईचे माप खाते. मग गोळी खाचेत ठरत नाही आणि चढावर लो आपोआप निसटतो, जे न पडण्याहून शतपट वाईट, कारण तेव्हा गाडी चढाच्या मध्यावर असते. बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून, सळई फडक्यात धरून, त्यांनी तो काठ अर्धा तास फिरवत बसवला. काट्याचा स्क्रू घट्ट करून त्याला तार गुंफली. काटा म्हणजे सळईवर बसलेला तो दुबेळका, जो सरकता दाता ढकलतो. हा स्क्रू ढिला झाला की सळई जाते, दाता राहतो, आणि वरच्या माणसाला वाटते की लो पडला. दात्यांची तोंडे मात्र चांगली निघाली. कोणी धावत्या गाडीत लो रेटला असता तर ती चेपून बोथट झाली असती, कारण या दात्यांना जुळवून घेणारी कडी, जी आजच्या गिअरबॉक्समध्ये असते, ती येथे नाही. गाडी उभी करून किंवा जवळजवळ उभी करूनच लो टाकावयाचा. सरकारी चालकाने इतकी वर्षे त्याला हातच लावला नव्हता, त्या आळसाने पिनेला गंज आणला आणि दात्यांना वाचवले.

आताच्या नव्या गाड्यांपैकी काहींत हे काम एक बटण आणि एक लहानशी विद्युत-मोटार करते, आणि ती न करील तेव्हा दोष फ्यूजचा, तारेचा की दाता कोठवर सरकला हे सांगणाऱ्या यंत्राचा, हे पाहण्यास संगणक जोडावा लागतो. मेस्त्रींचे त्याबद्दल काही मत नव्हते. "आमच्याकडं त्या येत नाहीत," एवढेच ते म्हणाले.

नवे पॅकिंग, नव्वद नंबरचे तेल, स्प्रिंगांची एकाच मापाची जोडी, आणि टायर बदलून चारही चाकांची उंची जुळती केलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी शेडमागच्या मातीत उतरवली. मी मधला दांडा ओढला, मग तिसरा टाकला. तो एवढा हलका गेला की गेला की नाही हे कळेना. क्लच सोडला तेव्हा इंजिनाचा आवाज पालटला आणि गाडी निघाली, पण निघाली आहे असे वाटावे इतकीही वेगाने नव्हे. मेस्त्री चिंधीने हात पुसत खिडकीशी आले, दरवाज्याच्या कडेवर हात ठेवून बोलत बोलत बाजूने चालू लागले, आणि पलीकडच्या बांधाच्या चढावर गाडी चढून जाईपर्यंत, पावलाची चाल न बदलता, तसेच बरोबर चालत आले.